अर्थशास्त्रात संशोधक व्हायचे आहे, तर क्षेत्र कोणते घेऊ?

प्रश्न शहादा तालुक्यातल्या एका विद्यार्थ्याचा आहे. एम.ए. अर्थशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तो लिहितो: "मॅडम, मला पीएच.डी. करून प्राध्यापक-संशोधक व्हायचे आहे. मोठ्या संस्थांतल्या अर्थतज्ज्ञांच्या परिचयात 'संशोधनाची क्षेत्रे: कृषी, श्रम, विकास' असे लिहिलेले असते. ही क्षेत्रे निवडायची कशी? त्यासाठी पुण्या-मुंबईला जावेच लागते का? घरी केळी-पपई आहे, आमच्या गावातून ऊसतोडीला टोळ्या जातात, पण यावर कोणी संशोधन करते का? आणि वडील विचारतात, पोट कधी भरणार. त्यांना काय सांगू?"

क्षेत्राच्या नावापासून सुरुवात करू नकोस. परिचयातली ती ओळ माणूस पंधरा-वीस वर्षे काम करून झाल्यावर लिहितो. अर्थशास्त्राच्या नियतकालिकांत विषयवार अक्षरे ठरलेली आहेत: शेती आणि पर्यावरणाला क्यू, श्रमाला जे, विकासाला ओ, आर्थिक इतिहासाला एन. लेख कोणत्या खणात ठेवायचा हे संपादकाला कळावे, एवढाच त्यांचा उपयोग. संशोधकाच्या डोक्यात ते खण नसतात. तिथे एखादा प्रश्न असतो. तो सुटत नाही, म्हणून माणूस त्याच्या मागे लागतो. त्यासाठी कधी इतिहास वाचतो, कधी संख्याशास्त्र शिकतो, कधी बाजार समितीत जाऊन बसतो. क्षेत्राचे नाव मागाहून पडते.

धनंजयराव गाडगीळांचे उदाहरण घे. केंब्रिजला लिहिलेला भारताच्या औद्योगिक वाटचालीवरचा त्यांचा प्रबंध १९२४ मध्ये ग्रंथरूपाने आला. १९३० मध्ये पुण्यात गोखले अर्थशास्त्र संस्था सुरू झाली आणि ते तिचे पहिले संचालक झाले. एवढा शिकलेला माणूस पुढे कशाच्या मागे लागला? संस्थेच्या सुरुवातीच्या कामांत पुण्याच्या बाजारातल्या फळांच्या विक्रीची पाहणी आहे, मुंबई इलाख्यातल्या सहा जिल्ह्यांतल्या मोटार-बस वाहतुकीची पाहणी आहे, पुढे वाई तालुक्यातल्या शेतीच्या जमाखर्चाची आहे. फळ बागेतून निघाल्यापासून गिऱ्हाइकाच्या हातात पडेपर्यंत किती हातांतून जाते आणि प्रत्येक हात किती ठेवून घेतो, हा त्यातला प्रश्न. तोच प्रश्न त्यांना सहकाराकडे घेऊन गेला, विठ्ठलराव विखे पाटलांबरोबर प्रवरेच्या साखर कारखान्याकडे घेऊन गेला. १९६७ मध्ये ते नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष झाले. राज्यांना केंद्राची मदत कोणत्या निकषांवर वाटायची याचे सूत्र आजही त्यांच्या नावाने ओळखले जाते. वाटणीचाच प्रश्न, फक्त पातळी वाढली. त्यांचे क्षेत्र 'कृषी' लिहायचे, 'सहकार' की 'नियोजन'?

आता तुझ्या घरच्या केळीवर येते, कारण तुझ्या प्रश्नाचे खरे उत्तर तिथे आहे.

केळीवर प्रकल्प करणाऱ्या विद्यार्थ्यांच्या प्रश्नावलीत एक रकाना हमखास असतो: 'मिळालेला भाव, रुपये प्रति क्विंटल'. रावेर-यावलकडे शेतकऱ्याला हे विचारले की उलट प्रश्न येतो, "कोन्ता? बोर्डाचा का मले भेटला तो?" हा उलट प्रश्न म्हणजे एक अख्खा प्रबंध आहे. रावेरचा आणि पलीकडच्या मध्य प्रदेशातल्या बुऱ्हाणपूरचा भाव रोज जाहीर होतो, तोच 'बोर्डाचा'. नवती (नवी लागवड), पिलबाग (खोडवा), कांदेबाग (पावसाळा सरतानाची लागवड) असे लागवडीच्या प्रकारानुसार, हंगामानुसार आणि मालाच्या प्रतीनुसार भाव वेगवेगळे. पण माल बाजारात येतच नाही. व्यापारी बागेत येतो, घड पाहतो आणि भाव बांधावर ठरतो. जाहीर भाव वर असला तरी 'माल बारीक आहे', 'गाडी नाही', 'दिल्लीला उठाव नाही' म्हणत व्यापारी खाली मागतो. केळी झाडावर थांबत नाही. कापूस घरात ठेवता येतो, दादर ज्वारी कोठीत ठेवता येते. पिकायला आलेला घड चार दिवस राहिला तर शेतकऱ्याच्या हातात घासाघीस करण्यासारखे काही उरत नाही, आणि व्यापाऱ्याला हे पक्के माहीत असते.

म्हणून भाव विचारू नये, पट्टी, म्हणजे व्यापाऱ्याने दिलेली हिशेबाची चिठ्ठी, मागावी. पट्टीवर वजन दिसते, वजनातली कपात दिसते, कापणी-भराईची मजुरी कोणाच्या माथी मारली ते दिसते आणि हातात पडलेली रक्कम दिसते. रकमेला मूळ वजनाने भागले की खरा भाव निघतो. पैसे किती दिवसांनी मिळाले तेही विचार. महिनाभर थकलेल्या पैशावर सोसायटीचे किंवा सावकाराचे व्याज चालूच असते, ते वजा करावे लागते. मग त्या दिवशीच्या जाहीर भावाशेजारी हा आकडा ठेव. दोघांत अंतर किती आहे, ते कोणत्या महिन्यात वाढते, मोठ्या बागाइतदाराला कमी आणि दोन एकरवाल्याला जास्त सोसावे लागते का, स्वतःची ओळखीची गाडी असलेल्याचे काय होते? सरकारी संकेतस्थळावर भावाचे आकडे अनेक वर्षांचे सापडतात. त्या आकड्यांत हे अंतर कुठेच नाही. दिल्लीत बसून भावांची कालमालिका तपासणाऱ्या माणसाला, त्याची गणिते कितीही पक्की असोत, ते दिसणार नाही. तुला दिसेल.

यात इतिहासही आहे. पूर्वी सावदा, निंभोरा, रावेर या स्टेशनांवरून केळीच्या वॅगन भरून दिल्लीला जात. वॅगन मिळवणे आणि माल एकत्र करणे हे काम फ्रूट सेल सोसायट्या करत. पुढे वाहतूक ट्रकवर आली आणि सोसायट्यांचे बळ ओसरत गेले. ऊस आणि दूध यांत सहकार जसा रुजला तसा केळीत का टिकला नाही? जुलै २०१६ मध्ये राज्याने फळे-भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मोकळा केला. मग व्यापाऱ्यांतली स्पर्धा वाढली, की होता तो धाकही गेला? मला यांची उत्तरे मनापासून हवी आहेत.

ऊतिसंवर्धित (टिश्यू कल्चरची) रोपे आणि ठिबक आल्यापासून पीक दीड वर्षाऐवजी वर्षभराच्या आसपास कापणीला येऊ लागले. शेतीशास्त्र याकडे उत्पादनवाढ म्हणून बघते. अर्थशास्त्राने बघायला हवे ते भांडवलाच्या फेऱ्याकडे. रोपांना रोख पैसा एकदम लागतो, कर्जाचा कालावधी बदलतो, आणि ज्याच्याकडे विहिरीला पाणी व खात्यात पत आहे त्यालाच ही घाई परवडते. १९१८ मध्ये डॉ. आंबेडकरांनी लहान धारणक्षेत्रांवर लिहिलेला निबंध जरूर वाच. सगळे जण जमिनीचे तुकडे किती लहान आहेत हे मोजत होते. त्यांनी विचारले की जोडीला भांडवल आणि अवजारे किती आहेत हे पाहिल्याशिवाय शेत लहान की मोठे हे ठरवता कसे? आकडेवारी तीच होती. प्रश्न फिरवल्याबरोबर उत्तर शेताबाहेर, उद्योगांकडे गेले. संशोधनातली प्रतिभा मला अशा जागी दिसते.

हवामानावर आधारित फळपीक विम्याचेही असेच. भरपाई मुख्यतः महसूल मंडळातल्या हवामान केंद्राच्या नोंदीवर ठरते. तुझ्या वडिलांची बाग थंडीने चरकली आणि केंद्राचा पारा ठरलेल्या अंशाच्या किंचित वरच राहिला, तर रुपया मिळत नाही. याला आधार-जोखीम म्हणतात. जगभर यावर लेख निघतात. तापी काठच्या आणि सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांत, एकाच मंडळात, पारा सारखा नसतो हे आपल्याकडे शाळकरी पोरालाही माहीत आहे. हे फक्त मोजायचे आहे.

खान्देशाची आणखी एक गोष्ट संशोधकाला फार मोलाची आहे: सीमा. डेव्हिड कार्ड आणि ॲलन क्रुगर यांनी १९९४ मध्ये अमेरिकेतल्या दोन शेजारच्या राज्यांतली फास्ट-फूडची दुकाने अभ्यासाला घेतली. न्यू जर्सीने किमान वेतन वाढवले होते, पेनसिल्व्हेनियाने नाही. रोजगार घटतो का, हे त्यांनी सीमेच्या अलीकडे-पलीकडे पाहिले. कार्डना २०२१ चे नोबेल मिळाले त्यात या कामाचा मोठा वाटा होता. आता नकाशा उघड. रावेर आणि बुऱ्हाणपूर: माती तीच, केळी तीच, व्यापारी बरेचसे तेच, पण राज्ये दोन, विजेचे दर, बाजाराचे कायदे आणि विम्याच्या अटी दोन. नवापूरचे रेल्वे स्टेशन तर अर्धे महाराष्ट्रात आणि अर्धे गुजरातेत आहे. रोजगार हमीची मजुरी आणि शेतमजुरांचे किमान वेतन दोन्हीकडे वेगळे. नवापूर, तळोदा, अक्कलकुव्याचा मजूर रोज ही तुलना डोक्यात करतोच. तुला ती कागदावर आणायची आहे.

तुझ्या गावच्या टोळ्यांवर कोणी संशोधन करते का, असे विचारलेस. केले आहे, आणि फार मोठ्या माणसाने. यान ब्रेमन हे डच समाजशास्त्रज्ञ १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला दक्षिण गुजरातेत आले आणि पन्नासहून अधिक वर्षे त्याच पट्ट्यात पुन्हा पुन्हा येत राहिले. बारडोली भागातल्या सहकारी साखर कारखान्यांसाठी ऊस तोडणाऱ्या मजुरांवर त्यांनी १९७८ मध्ये लिहिले. त्यात खान्देशातून जाणारे मजूर आहेत. मुकादम पावसाळ्यात उचल, म्हणजे मजुरीपोटी आगाऊ रक्कम, देतो, नवरा-बायकोचा मिळून एक कोयता धरला जातो, हंगामभर हिशेब मुकादमाच्या वहीत राहतो आणि शेवटी उचल फिटते की अंगावर राहते ते कळते. स्थानिक भूमिहीन हाताशी असताना कारखाने लांबचे मजूर का आणतात, हा ब्रेमनांचा प्रश्न होता. लांबचा माणूस फडात अडकलेला असतो, चोवीस तास हाकेला हजर असतो, भांडण काढून घरी जाऊ शकत नाही, हे त्याचे उत्तर. त्या लेखाला आता चार दशके उलटून गेली. मोबाइल आला, बँक खाती आली, ऊसतोड यंत्रे आली, रोजगार हमीचा केंद्रीय कायदा २००५ मध्ये आला. उचल मात्र आहेच. ती का टिकून आहे, याचे चांगले उत्तर अजून कोणी द्यायला हवे.

कापूस वेचणीतल्या बायांवर कोणी लिहिले तर मी ते सर्वांत आधी वाचेन. आपल्याकडे वेचणी जवळजवळ पूर्णपणे बायकांच्या हातावर चालते, मजुरी किलोवर. दुसऱ्याच्या शेतात वेचले तर ती मजूर. तेच काम घरच्या शेतात केले तर श्रमबल पाहणीत ती 'घरच्या उद्योगातली बिनवेतन मदतनीस', तीही तिने स्वतःला कामकरी म्हणून सांगितले तर. पाहणीला आलेल्याने ओट्यावर बसलेल्या सासऱ्याला विचारले तर "सून घरीच असते" असे उत्तर येते आणि ती श्रमबलातूनच गळते. वर्षात तीस दिवस काम केलेला माणूस दुय्यम स्थितीत कामकरी धरला जातो, असा नियम आहे. वेचणीचे दिवसच त्याहून जास्त भरतात. 'ग्रामीण स्त्रियांचा श्रमसहभाग वाढला की घटला' यावर देशभर वाद चालतो, आणि त्यातला बराचसा भाग प्रश्न कोणाला आणि कसा विचारला यावर अडलेला आहे. खेडा खरेदीवाला, म्हणजे गावात येऊन कापूस घेणारा व्यापारी, वजन करून पैसे देतो तेव्हा ते कोणाच्या हातात देतो, हेही पाहा.

एवढे सांगितल्यावर एक ताकीदही देते. प्रश्न जवळचा आहे म्हणून संशोधन सोपे होत नाही. गावातल्या ओळखीच्या पन्नास घरांत फॉर्म भरून टक्केवारी काढणे याला मी संशोधन म्हणत नाही, आणि दुर्दैवाने आपल्या भागात पीएच.डी.च्या नावाने ते फार चालते. प्रतीपगमन (रिग्रेशन) नीट शिक. नमुना कसा घेतात ते शिक. शेवटची जनगणना २०११ची आहे, त्यामुळे गावाच्या घरांची यादी स्वतः करावी लागेल हे गृहीत धर. आर हे सॉफ्टवेअर फुकट मिळते. राष्ट्रीय नमुना पाहणीचे घरनिहाय आकडे सांख्यिकी मंत्रालयाच्या संकेतस्थळावर नोंदणी करून उतरवून घेता येतात. १८८० चे खान्देशचे गॅझेटियर वाच. अमेरिकन यादवीच्या वेळी कापसाचे भाव चढले आणि पुढे कोसळले तेव्हा इथल्या कुणब्याचे आणि सावकाराचे काय झाले ते कळेल. इंग्रजी वाचनाला पर्याय नाही. पण मुलाखतीच्या नोंदी लोक बोलतात त्याच भाषेत घे, अहिराणी, भिली, लेवा, जे असेल त्यात. भाषांतर घरी बसून कर.

आता पोटापाण्याचे. वडिलांना खरे तेच सांग.

एम.ए.नंतर नेट किंवा सेट ही पहिली पायरी. नेटमध्ये जेआरएफ (कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती) मिळाली तर दरमहा ३७,००० रुपये, दोन वर्षांनी एसआरएफ (वरिष्ठ अधिछात्रवृत्ती) म्हणून ४२,०००, वर घरभाडे भत्ता. ती नाही मिळाली तर प्रवर्गानुसार सारथी, बार्टी, महाज्योती यांच्या अधिछात्रवृत्त्या आहेत. २०२२ च्या नियमांप्रमाणे पीएच.डी.ला किमान तीन वर्षे लागतात आणि कमाल सहा मिळतात. सहायक प्राध्यापकपदासाठी नेट-सेट ही किमान अर्हता आहे. पुढे सहयोगी प्राध्यापक, मग प्राध्यापक. कागदावर हा रस्ता सरळ आहे. प्रत्यक्षात अनुदानित जागा वर्षानुवर्षे भरल्या जात नाहीत आणि हुशार मुले तासिका तत्त्वावर शिकवत वयाची चाळिशी गाठतात, तीही सुटीच्या महिन्यांत बिनपगारी. काही ठिकाणी जागेसाठी पैसे मागितले जातात. देऊ नकोस. शेत विकून मिळवलेल्या जागेवर बसलेला माणूस पुढची दहा वर्षे कर्ज फेडतो, प्रश्न विचारत नाही. मी हे जवळून पाहिले आहे आणि त्याचा मला अजून संताप येतो.

म्हणून वाट एकच धरू नकोस. भारतीय आर्थिक सेवेची परीक्षा आहे, रिझर्व्ह बँकेत संशोधन विभागाची अर्थतज्ज्ञांची भरती असते, नाबार्ड आहे, राज्याचे अर्थ व सांख्यिकी संचालनालय आहे. तिथेही अर्थशास्त्रच करायचे असते. पैसे भरले की आठवड्यात लेख छापून देणाऱ्या नियतकालिकांपासून लांब राहा. यूजीसीने केअर यादी, म्हणजे मान्य नियतकालिकांची यादी, फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद केली, तेव्हापासून चांगले-वाईट ओळखण्याची जबाबदारी तुझीच आहे. एक चांगला लेख लिहायला दोन वर्षे लागली तर लागू दे.

पुण्या-मुंबईला जायचे का? शिकायला जा, जमले तर नक्की जा. गोखले संस्था, मुंबई विद्यापीठाचा अर्थशास्त्र विभाग, गोरेगावची इंदिरा गांधी विकास संशोधन संस्था इथे दोन गोष्टी मिळतात ज्या इथे कमी पडतात: पद्धतीचे कडक शिक्षण आणि तोंडावर चूक दाखवणारे सहकारी. वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी गोखले संस्थेत बसून १९७१ मध्ये देशातल्या गरिबीचे मोजमाप केले, १९६०-६१ च्या किमतींनी खेड्यात माणशी महिना १५ रुपये आणि शहरात साडेबावीस ही रेषा धरून. पुढे १९८५ मध्ये रथांनीच एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रमावर कठोर टीका केली: गरिबाला कर्ज काढून म्हैस देण्यापेक्षा हक्काची मजुरी द्या. हे त्यांना सहकाऱ्यांशी वर्षानुवर्षे चाललेल्या वादांतून सुचत गेले. असे वाद घालणारी माणसे तुलाही लागतील.

आपले उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ १५ ऑगस्ट १९९० ला जळगावात सुरू झाले. त्याआधी इथल्या मुलांना पुणे विद्यापीठाकडे तोंड करून बसावे लागे. आजच्या जळगाव, धुळे, नंदुरबार या तीन जिल्ह्यांवर काम करणारे अर्थतज्ज्ञ इथूनच तयार व्हावेत ही अपेक्षा तेव्हाही होती आणि ती रास्तच आहे. इथे राहिलास तर मराठी अर्थशास्त्र परिषदेच्या अधिवेशनाला जात जा, निबंध वाच, लोक काय हरकती घेतात त्या लिहून घे. मार्गदर्शक निवडताना त्यांच्या हाताखाली किती जण पीएच.डी. झाले हे विचारू नकोस. त्यांनी गेल्या पाच वर्षांत स्वतः काय लिहिले ते वाचून बघ.

शेवटी तुझ्या एम.ए.च्या संशोधन प्रकल्पाबद्दल. केळी मोहात पाडेल, पण तुझ्या गावातून टोळ्या जातात, तेव्हा ऊसतोडच घे. गावातल्या सगळ्या घरांची यादी कर, जाणारी आणि न जाणारी दोन्ही. न जाणाऱ्यांशिवाय तुलनाच होत नाही. दसरा-दिवाळीच्या सुमारास टोळी निघण्याआधी उचलीची रक्कम, घेतल्याचा महिना आणि कारण लिहून घे. लग्न, दवाखाना, किराणा, जे असेल ते. होळीला काही घरे गावी येऊन जातात, तेव्हा पुन्हा भेट. हंगाम संपून हिशेब झाला की मिळालेले पैसे आणि अंगावर राहिलेली बाकी विचार, नवऱ्याला वेगळे आणि बायकोला वेगळे, दोन आकडे जुळतात का पाहा. मुकादमालाही भेट. तोही बहुतेक गावचाच असतो आणि त्याच्यावरही कारखान्याची उचल असते. कोणाचेही नाव प्रकल्पात येता कामा नये, घरांना क्रमांक दे आणि यादी स्वतःजवळ कुलपात ठेव. वहीतला हिशेब कोणी सांगितला हे मुकादमाला कळले तर पुढच्या वर्षी त्या घराला काम मिळणार नाही.

आराखडा चार पानांत लिहून पाठव. पहिल्या पानावर प्रश्न, एकाच वाक्यात, शेवटी प्रश्नचिन्ह असलेला. 'ऊसतोड मजुरांच्या समस्यांचा अभ्यास' असे लिहून आणलेस तर मी पुढची पाने वाचणार नाही.